सत्यवतीबाईंच्या बागेचे स्पीकर

सत्यवती गावंडेंना नवऱ्याचा राग यायचा, यात नवीन काही नव्हतं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात राग यायला वेळ भरपूर मिळतो. पण यंदा मार्गशीर्षाच्या तोंडावर तो राग बागेत लावायच्या दोन स्पीकरांवर येऊन बसला आणि तिथून हलायला तयार होईना.

गोष्ट अशी. जबलपूरच्या विजय नगरात वर्धा, अमरावती, यवतमाळकडच्या मराठी बायकांचं एक भजनी मंडळ आहे. मार्गशीर्षातले सगळे गुरुवार ते सत्यवतीबाईंच्या घरापुढच्या बागेत बसतं. बाग म्हणजे काय, तर पेरूचं एक झाड, शेवंतीच्या कुंड्या आणि वीस-पंचवीस बायका सतरंजीवर मावतील एवढं लॉन. पण दुपारी चारला तिथं छान ऊन असतं. अडचण एवढीच, की समोरच्या रस्त्यावर गाड्या फार वाढल्या आणि मागच्या रांगेला पुढचं काही ऐकू जाईना. मग मागच्या बायका देवाचं नाव सोडून आपापल्या सुनांची नावं घ्यायच्या.

मंडळात आता पुढे बसून गाणारी सुनेत्रा बोंडे. तिनं दिवाळीच्या फराळाला सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "काकू, यंदा बागेत स्पीकर लावा. नाही जमलं तर माझ्याकडे बसू कायमचं. हॉल मोठा आहे, शांत आहे."

सुनेत्राचा हॉल तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. सत्यवतीबाईंच्या दोन्ही गुडघ्यांना डॉक्टरांनी जिना बंद केलेला. मंडळ एकदा वर चढलं की खाली उतरणार नाही आणि आपण खालच्या खाली राहू, हे सत्यवतीबाईंना कळत होतं. सुनेत्रालाही कळत होतं. तिनं ते चकली चावता चावता सांगितलं, त्याची चीड जास्त आली.

"लावते," सत्यवतीबाई म्हणाल्या. "पहिल्या गुरुवारच्या आत लावते."

मंडळाच्या डब्यातून पाच हजार मिळाले. त्याच्या वर एक रुपया नाही, असं खजिनदार बाईंनी बजावलं.

आता याच मंडळात एके काळी पुढे बसून गायच्या त्या सत्यवतीबाईच, हे सांगितलं पाहिजे. त्या आर्वीहून लग्न होऊन रांझीला नवऱ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरात आल्या तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. हिंदी येत नव्हतं, भाजी बोटानं दाखवून घ्यायच्या. पण पहिल्याच श्रावणात त्यांनी क्वार्टरातल्या पाच मराठी बायका गोळा केल्या, आईकडून आलेलं एक पद लावलं, आणि शेजारच्या बिहारी-बंगाली बायका पीठभरल्या हातानं दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या आवाजावर मंडळ उभं राहिलं. रांझीतून विजय नगरात आलं. त्यावर जवळजवळ चाळीस वर्षं चाललं. मग सहा वर्षांपूर्वी सत्यवतीबाईंनी गाणं सोडलं. सोडलं कसलं, नवऱ्यानं सोडायला लावलं.

भाऊराव गावंडे कारखान्यात तपासनीस होते. ओतीव लोखंडाचा भाग हातोडीनं टकटक ठोकायचा आणि नुसत्या नादावरून आत भेग आहे का नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. साहेब लोक मशीन आणून तपासायचे आणि मशीन भाऊरावांसारखंच सांगायचं. घरात हा कान म्हणजे कोर्ट. माठ घ्यायचा, भाऊराव ठोकणार. नारळ, कलिंगड, घरातली फरशी, सगळं ठोकून पाहणार, आणि दहातलं नऊ रिजेक्ट करणार. मुलगा अजिंक्यसाठी पाच मुली पाहिल्या, पाची नापास. सहावी समृद्धी, ती भाऊरावांना विषमज्वर झाला होता म्हणून पास झाली, असं ती स्वतःच सांगते.

तर सहा वर्षांपूर्वी मंडळाचा वर्धापनदिन झाला. सत्यवतीबाई दीड तास गायल्या. भाऊराव पहिल्या रांगेत बसले होते. स्कूटरवरून परत येताना त्यांनी पुढे बघत बघतच सांगितलं, "तुझ्या आवाजाले भेग गेली. वर जाऊन तुटून राहिला. बाया तोंडावर बोलत नाहीत, एवढंच."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सत्यवतीबाईंनी त्याला उभा चिरला असता. पण ज्या कानानं तीस वर्षं लोखंडातली भेग ओळखली, त्याला काय म्हणायचं? त्या रात्रभर जाग्या राहिल्या. पुढच्या गुरुवारी घसा बसलाय म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी सुनेत्राच्या हातात मंडळाचे टाळ दिले. तेव्हापासून मंडळात त्यांच्याकडे सतरंज्या, प्रसाद आणि चहा.

तर हा माणूस स्पीकरच्या खरेदीत पडला नसता तरच नवल.

"ते काम माझ्याकडे," भाऊरावांनी जाहीर केलं. "मी पास केल्याशिवाय भिंतीले खिळा लागणार नाही."

"तुम्ही पास काय केलंय जन्मात?"

"तोंडातल्या तोंडात काहून बोलून राहिली? नीट बोल."

हे वाक्य घरात दिवसातून वीस वेळा व्हायचं. सून तोंडातल्या तोंडात बोलते, मुलगा फोनवर तोंडातल्या तोंडात बोलतो, बातम्यांतली बाई तर पगार घेऊन तोंडातल्या तोंडात बोलते. सगळ्या जगानं भाऊरावांविरुद्ध कट केला होता.

पहिली जोडी समृद्धीनं मोबाइलवरून मागवली. दोन गोंडस डबे, चार्जिंगवाले, वर लिहिलेलं की उघड्यावर चालतील. भाऊरावांनी ते लॉनच्या मधोमध स्टुलावर ठेवले, झारीनं वरून पाणी घातलं, दहा मिनिटं थांबले आणि चालू केले. एक डबा खरखरला आणि गप्प झाला.

"बाई, हे बाथरूममधे गाणे ऐकायचे आहेत," भाऊराव सुनेला म्हणाले. "दव पडलं की मेले. भोकं पाहिली का याची? पाणी आत जायले दरवाजे ठेवले आहेत."

आणि ते खरं होतं, हीच पंचाईत. समृद्धीनं निमूटपणे डबे परत पाठवायची सोय केली, आणि पुढचे आठ दिवस घरात भाऊरावांचं राज्य.

दुसऱ्या वेळी ते स्वतः गंजीपुऱ्याच्या बाजारात गेले आणि भोंगा घेऊन आले. रिक्षावर बांधून प्रचार करतात तो. पेरूच्या झाडाला टांगून त्यांनी तो सुरू केला. शेजारच्या घरातलं कुत्रं रडायला लागलं.

"याले म्हणतात आवाज," भाऊराव खूश झाले. "स्वस्त आहे, पाण्यात बुडवला तरी मरत नाही."

"ही बाग आहे. बस स्टँड नाही," सत्यवतीबाई म्हणाल्या. "लक्ष्मीची आरती लावली तर बाया सिहोऱ्याची गाडी लागली म्हणून पिशव्या उचलतील. उतरवा ते."

भोंगा उतरला. पण भाऊराव दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. सत्यवतीबाईंना ते दोन दिवस बरे गेले.

मग त्या समृद्धीच्या गाडीवर मागे बसून स्वतःच चौकातल्या दुकानात गेल्या. दुकान चिरागचं. तिशीचा, तोंडात सुपारी, पण माल समजून सांगणारा. त्यानं विचारलं, किती लोक बसतात, भिंत किती लांब, माइक लावायचाय का. कुणी इतकं नीट विचारलंय, असं सत्यवतीबाईंच्या बाबतीत फार दिवसांनी घडलं.

"आंटी जी, एक बडा मत लीजिए," तो म्हणाला. "पुढच्यांचे कान फुटतात, तरी मागच्यांना ऐकू येत नाही. दो छोटे लीजिए, दीवारवाले. छज्ज्याखाली लावा, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, तोंड बायकांकडे. रस्त्याकडे नाही. इस पर देखिए, पासष्ट लिहिलंय, म्हणजे पाण्याची धार आली तरी चालतं. साथ में छोटा अँप्लिफायर, माइक की पिन उसी में."

अर्धं हिंदी, अर्धं मराठी, पण मुद्दा एकही चुकला नाही. भावही डब्यातल्या पैशांत बसला. सत्यवतीबाई पांढरी जोडी घेऊन घरी आल्या. जीव जरा भांड्यात पडला होता.

भाऊरावांनी झारी आणली. जोडी पाण्यात पास. हात लावून पाहिलं, कडी पास, वायर पास. मग पंधरा पावलं मोजून त्यांनी खुर्ची टाकली, मांडीवर कारखान्यातली जुनी वही उघडली आणि समृद्धीला भजन लावायला सांगितलं. ऐकलं. डोकं हलवलं.

"टाळ नाही."

"म्हणजे?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

"मृदंग येऊन राहिला, टाळ येत नाही. गाणारी बाई वर गेली की आवाज खाऊन टाकते मशीन. भोंगळ माल आहे. रिजेक्ट."

समृद्धी म्हणाली, "बाबा, आवाज तो एकदम साफ है. टाळ मला तर ऐकू येतोय."

"तुले काय कळते त्यातलं?" भाऊरावांनी वही मिटली.

सत्यवतीबाईंनाही टाळ ऐकू येत होता, लख्ख. पण पुन्हा तेच. लोखंडातली भेग ओळखणारा कान. आपल्याला कळत नाही असंच काही असेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. पंचेचाळीस वर्षांची सवय. जोडी परत गेली.

चिरागनं दुसऱ्या कंपनीची जोडी दिली, त्याच भावात. भाऊराव बसले, ऐकलं. टाळ नाही, रिजेक्ट. ती परत करायला गेल्यावर चिरागनं सुपारी थुंकली आणि हात जोडले. "आंटी जी, आता तुम्हीच सांगा. पहिलीवाली जोडी पुन्हा घेऊन जा. पण बाबूजी को दुकान पर मत लाइए. माझा बाकीचा माल ठोकून बघतील."

सोमवारी सुनेत्राचा फोन आला. "काकू, मग काय, माझ्याकडेच ना? बायकांना सांगावं लागेल."

"गुरुवारी माझ्याकडे," सत्यवतीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. संतापानं.

मंगळवारी दुपारी पांढरी जोडी पुन्हा छज्ज्याखाली टांगली. भाऊरावांनी पुन्हा पंधरा पावलं मोजली, पुन्हा खुर्ची, पुन्हा वही. सत्यवतीबाईंनी मनाशी ठरवलं होतं की आज या माणसाला खरा टाळ ऐकवायचा. हा ऐका खरा, आणि हा ऐका स्पीकरमधला, आणि सांगा फरक काय आहे तो. त्या देवघरात गेल्या, आपले जुने पितळी टाळ काढले, पदरानं पुसले, आणि पेरूच्या झाडाकडून बागेत आल्या. भाऊरावांची पाठ त्यांच्याकडे होती.

त्यांनी टाळ वाजवला. जोरात. झाडावरचा पोपटांचा थवा उडाला. समृद्धीनं दचकून मागे पाहिलं.

भाऊराव वहीत लिहीत होते.

सत्यवतीबाई चार पावलं पुढे आल्या आणि पुन्हा वाजवला. दोन हातांवर नवऱ्याचं डोकं. कानावरचे पांढरे केस दिसत होते. डोकं हललं नाही. पेन्सिल चालत होती. त्यांनी वाकून पाहिलं. वहीत लिहिलं होतं, टाळ अनुपस्थित.

त्या खुर्चीला वळसा घालून समोर आल्या. भाऊरावांनी वर पाहिलं. सत्यवतीबाईंनी त्यांच्या नाकासमोर टाळ धरले आणि वाजवत राहिल्या. भाऊराव टाळांकडे बघत होते, मग बायकोच्या तोंडाकडे.

"नुसते हालवून काहून राहिली? वाजव ना मग," भाऊराव म्हणाले.

समृद्धीनं हातातला फोन हळूच स्टुलावर ठेवला आणि ती घरात निघून गेली.

"वाजून राहिलाय," सत्यवतीबाई म्हणाल्या. सावकाश, एकेक अक्षर. "मघापासून वाजून राहिलाय."

भाऊरावांनी त्यांचे ओठ वाचले. वाचले, हे आज सत्यवतीबाईंना दिसलं. आणि दिसल्यावर मागचं सगळंच दिसायला लागलं. बोलताना तोंडाकडे टक लावून बघणं, फोन कधीही न उचलणं, कुकरची शिट्टी झाली नाही म्हणून भांडणं.

"केव्हापासून?"

"तोंडातल्या तोंडात..."

"ते पुरे. केव्हापासून?"

भाऊरावांनी वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "रिटायर व्हायच्या आधी मेडिकल झालं. डॉक्टर म्हणे बारीक आवाज गेले. मोठे आहेत, ते पण जातील हळूहळू. वय असते, म्हणे. कागद मी घरी आणला नाही."

सत्यवतीबाईंनी हिशेब केला. त्याला अकरा वर्षं झाली होती. वर्धापनदिनाला सहा.

"मी दीड तास गायले तेव्हा तुम्हाला काय ऐकू आलं?"

"खालचे सूर यायचे. वर गेली की..." त्यांनी हातानं काहीतरी तुटल्यासारखं केलं.

"आणि ते तुमच्या कानात तुटतंय, हे माहीत होतं?"

भाऊराव पेरूच्या झाडाकडे बघायला लागले. सत्यवतीबाई सरकून पुन्हा त्यांच्या नजरेसमोर उभ्या राहिल्या.

"माहीत होतं?"

"हाव," भाऊराव म्हणाले. "बाजूले सुनेत्राचे बोंडेसाहेब बसले होते. विचारून राहिले, काय गावंडेजी, कसं काय गाणं? कारखान्यातले चार जण होते. मी काय सांगू? छान म्हणावं आणि नेमकं बेसूर झालं असलं तर? गावंडेचा कान गेला म्हणाले असते. मी म्हटलं, भेग आहे."

"म्हणजे त्यांच्यासमोर आधी बोललात. मला नंतर सांगितलंत."

सत्यवतीबाईंना वाटलं होतं की आपण आरडाओरडा करू. त्याऐवजी त्यांनी टाळ पदरात गुंडाळले.

"सहा वर्षं मी त्या बाईच्या मागे बसून चहा गाळला," त्या म्हणाल्या. "तुमचा कान शाबूत दिसावा म्हणून. तुम्ही रोज समोर बसून तो चहा प्यालात."

त्यांनी छज्ज्याकडे जाऊन स्पीकरच्या कडीचे स्क्रू स्वतः पिळले. गुडघे कुरकुरले. भाऊराव मदतीला उठले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हात लावू नका." हे त्यांनी नीट ऐकलं.

गुरुवारी चारला बायका आल्या. हिरव्या साड्या, हातात फळांच्या पिशव्या, स्पीकर पाहून कौतुक. सुनेत्रानं माइकसमोरच्या पाटाकडे पाऊल टाकलं, तर पाटावर सत्यवतीबाई बसलेल्या.

"आज मी म्हणते," त्या म्हणाल्या.

"काकू, पण तुमचा घसा..."

"घसा माझा आहे. मी बघते."

सुनेत्रानं इकडेतिकडे पाहिलं. कुणी तिच्या बाजूनं बोललं नाही, तेव्हा ती पहिल्या रांगेत बसली आणि तोंड फिरवलं. मागून कुणीतरी म्हणालं, बाई, किती वर्षांनी. सत्यवतीबाईंनी आईचं पद लावलं. पहिली ओळ खालच्या सुरात होती, ती नीट गेली. दुसऱ्या ओळीला आवाज वर न्यायचा होता. त्यांनी श्वास भरला, वर गेल्या, आणि आवाज फाटला.

त्यांनी पुन्हा उचलला, पुन्हा फाटला. सहा वर्षं न वापरलेला गळा. भाऊराव तेव्हा खोटं बोलले होते. ते आता खरं झालं होतं, आणि चिरागचा माल इतका चोख की भेगेची एकेक किनार मागच्या रांगेपर्यंत, फाटकापर्यंत, पार रस्त्यावर स्वच्छ ऐकू गेली. सुनेत्रानं मान खाली घातली, ती दया होती का समाधान, ते दिसलं नाही. दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

सत्यवतीबाई थांबल्या नाहीत. फाटला तर फाटला, तसाच पुढे नेला. तिसरी ओळ, चौथी. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. तेवढ्यात त्यांची नजर बागेच्या टोकाला गेली.

तिथं भाऊराव खुर्ची टाकून बसले होते. इस्त्रीचा शर्ट, डोळे मिटलेले. बायकांच्या टाळ्यांचा ताल एकदा बघून घेतला असावा, त्या तालावर ते मान डोलवत होते. अगदी तल्लीन. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही वाटलं असतं, या घरात गाण्याची केवढी जाण आहे.

सत्यवतीबाईंनी पद मधेच थांबवलं. माइक तोंडाजवळ घेतला.

"मान हलवू नका," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काही ऐकू येत नाही. अकरा वर्षं झाली, काही ऐकू येत नाही."

दोन्ही स्पीकरांतून ते सगळ्या बागेला ऐकू गेलं. टाळ्या थांबल्या. पंचवीस बायका मागे वळून भाऊरावांकडे बघायला लागल्या.

भाऊरावांचे डोळे मिटलेले होते. त्यांची मान डोलतच राहिली.